आभार नेमके कोणाचे? थँक्सगिव्हिंगच्या जन्माची कथा

१/ पोळ्याच्या दिवशी आभार कोणाचे मानायचे, हे विचारावे लागत नाही. बैल दारात उभा असतो. अमेरिकेच्या थँक्सगिव्हिंगचे मात्र तसे नाही. १६२१ साली इंग्रज वसाहतवाले व मूलनिवासी एका पंगतीला बसले आणि हा सण जन्मला, अशी लोकप्रिय कथा आहे. प्रत्यक्षात त्या पंगतीची व या सणाची गाठ दोन शतकांनंतर मारली गेली. ती कशी, हे या धाग्यात पाहू.

२/ १६२० च्या अखेरीस 'मेफ्लॉवर' जहाज १०२ प्रवाशांना घेऊन आजच्या मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यास लागले. पहिल्याच हिवाळ्यात त्यांतील जवळपास निम्मे दगावले. त्यांनी प्लिमथ वसवले ती जागा म्हणजे वाम्पानोआग लोकांचे पटुक्सेट हे गाव. युरोपीय जहाजांबरोबर आलेल्या साथीने ते काही वर्षांपूर्वीच ओस पडले होते. नवागतांना साफ केलेली शेते आयती मिळाली, ती यामुळे.

३/ टिस्क्वांटम हा याच गावचा. १६१४ मध्ये थॉमस हंट या इंग्रज कप्तानाने त्याला पळवून गुलाम म्हणून विकण्यासाठी स्पेनला नेले. तेथून तो इंग्लंडला पोहोचला आणि १६१९ मध्ये मायदेशी परतला, तेव्हा गावात कोणीही उरले नव्हते. मका कसा पेरावा, खत म्हणून मासे कसे पुरावेत, हे वसाहतवाल्यांना त्यानेच शिकवले.

४/ १६२१ च्या शरदात मका चांगला पिकला. एडवर्ड विन्स्लोच्या ११ डिसेंबर १६२१ च्या पत्रानुसार वाम्पानोआग प्रमुख ऊसामेक्विन सुमारे ९० माणसांसह आला, तीन दिवस मेजवानी चालली आणि पाहुण्यांनी पाच हरणे मारून आणली. या वर्णनात 'थँक्सगिव्हिंग' हा शब्द कोठेही नाही.

५/ कारण त्या धर्मनिष्ठ वसाहतवाल्यांच्या लेखी 'थँक्सगिव्हिंग' म्हणजे प्रार्थनेचा दिवस. १६२३ मध्ये अवर्षणानंतर पाऊस पडला, तेव्हा त्यांनी असा दिवस पाळला. सुगीची मेजवानी ही इंग्लंडच्या खेड्यांतली वेगळी रीत. एक प्रार्थनागृहातला विधी, दुसरा खळ्यावरचा आनंद.

६/ स्नेह टिकला नाही. वसाहतींची जमिनीची भूक वाढत गेली आणि १६७५ मध्ये युद्ध पेटले. वाम्पानोआगांचा नेता मेटाकॉम हा ऊसामेक्विनचाच पुत्र. ऑगस्ट १६७६ मध्ये तो मारला गेला. त्याचे मस्तक प्लिमथला आणले गेले, तो दिवस तेथे आभारप्रार्थनेचा होता. पुढे कित्येक वर्षे ते खांबावर टांगलेले होते.

७/ १८४१ मध्ये अलेक्झांडर यंग यांनी विन्स्लोचे वर्णन पुन्हा छापले आणि एका तळटीपेत त्या मेजवानीला 'पहिले थँक्सगिव्हिंग' म्हटले. राष्ट्रीय सणासाठी संपादिका सारा जोसेफा हेल अनेक वर्षे झटत होत्या. यादवी युद्ध चालू असताना, ३ ऑक्टोबर १८६३ रोजी लिंकन यांनी नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार जाहीर केला. त्या घोषणेत ना प्लिमथ आहे, ना वाम्पानोआग.

८/ पुढे पाठ्यपुस्तके, चित्रे व शालेय नाटुकल्यांनी १६२१ ची पंगत सणाला पक्की चिकटवली. १६७६ चे मस्तक कथेबाहेर राहिले. १९३९ मध्ये नाताळची खरेदी लांबावी म्हणून रूझवेल्ट यांनी सण आठवडाभर अलीकडे आणला, तेव्हा राज्याराज्यांत दोन तट पडले. अखेर १९४१ च्या कायद्याने चौथा गुरुवार ठरला.

९/ १९७० मध्ये 'मेफ्लॉवर'च्या आगमनाला ३५० वर्षे झाली. त्यानिमित्त बोलावलेल्या वाम्सुटा फ्रँक जेम्स या वाम्पानोआग वक्त्याला भाषणाचा मसुदा बदलण्यास सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला. त्याच वर्षी थँक्सगिव्हिंगला प्लिमथमध्ये ऊसामेक्विनच्या पुतळ्यापाशी 'राष्ट्रीय शोकदिन' पाळला गेला. तो आजही दरवर्षी पाळला जातो.

१०/ कृतज्ञतेच्या सणाला दाता आठवावा लागतो. तो विसरला की उरते ती केवळ मेजवानी. आणि हे ऋण केवळ अमेरिकेचे नव्हे. पावसाळ्यात आपण निखाऱ्यावर भाजून, तिखटमीठ लावून खातो ते मक्याचे कणीस आणि त्यावरची मिरचीसुद्धा अमेरिकेच्या मूलनिवासी शेतकऱ्यांनीच हजारो वर्षांपूर्वी रानातून शेतात आणली.