फाईलमधलं पहिलं पान

गेल्या महिन्यात माझी भाची जड पिशवी सांभाळत घरी आली. ती बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पिशवीतून एकेक वस्तू निघू लागली. पाठांची टाचणं, घटक नियोजन, निरीक्षणाच्या नोंदी, रंगीत तक्त्यांचे फोटो. ‘‘मामू, सोमवारी पोर्टफोलिओ द्यायचाय. तुम्ही कवी ना? पहिल्या पानासाठी चार ओळी लिहून द्या.’’

मी साधा बी.ए. झालेला माणूस, मला यातलं काय कळणार? पण फाईल चाळताना शेवटी कोंबलेला एक कागद हाती लागला. सहावीतल्या मुलीचा निबंध. आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेल्यावर शाळा कशी सुटते, ते तिनं लिहिलं होतं. ओळी वाकड्या, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका. ‘‘हा काढून टाकते. सर म्हणतील, शुद्धलेखनही शिकवलं नाही,’’ भाची म्हणाली. मी म्हटलं, ‘‘थांब बेटा, आधी एक जुनी गोष्ट ऐक.’’

शिक्षकालाही आधी शिकवावं लागतं, हा विचार आपल्याकडे तसा अलीकडचा. जुन्या पंतोजीजवळ ना दाखला असे, ना टाचणवही. मुलं धूळपाटीवर अक्षरं गिरवीत. पाटी पुसली की पंतोजीच्या कामाचा पुरावाही पुसला जाई. १८५४ साली वुडच्या खलित्यानं शिक्षक तयार करणाऱ्या शाळा काढाव्यात, शिकाऊ शिक्षकांना विद्यावेतन द्यावं, अशी शिफारस केली. सावित्रीबाई फुले यांनी त्याआधीच अहमदनगरला मिस फरार आणि पुण्यात मिसेस मिचेल यांच्याकडे अध्यापनाचे धडे घेतले होते. १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, हे आपण सारे जाणतोच.

पुढे १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी गावच्या शिक्षकाचा प्रश्न मांडला. शिक्षक प्रशिक्षित हवा, त्याला महिना निदान बारा रुपये पगार हवा, असं ते म्हणाले. शिवाय वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती धरायला त्याला लाज वाटू नये, ही त्यांची अपेक्षा होती. शिक्षकाची ही पात्रता कुठल्या प्रमाणपत्रावर लिहिलेली असते?

फुले दांपत्याच्या कामाचा सगळ्यात बोलका पुरावा मात्र एका विद्यार्थिनीनं लिहून ठेवला आहे. मांग समाजातली मुक्ता साळवे त्यांच्या शाळेत शिकली. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. जिच्या समाजाला अक्षराची बंदी होती, ती मुलगी भर वर्तमानपत्रात जाब विचारू लागली. शिक्षकानं आणखी कोणता दाखला जोडायचा?

याच शाळांशी नाव जोडलं जातं ते फातिमा शेख यांचं. १० ऑक्टोबर १८५६ रोजी आजारपणात माहेरी, नायगावला असलेल्या सावित्रीबाईंनी जोतीरावांना पत्र लिहिलं. आपण तिथं नसल्यानं फातिमेला त्रास पडत असेल, पण ती कुरकुरणार नाही, अशा आशयाचा त्यात उल्लेख आहे. कागदावरचा आधार म्हणून बोट ठेवायचं ते या उल्लेखावर. जानेवारी २०२५ मध्ये तर ही बाई होऊन गेली की नाही, यावरच वाद झाला. मुसलमान घरात मराठी अक्षर गिरवत वाढलेल्या मला तो वाद फार लागला. तिच्या हाताखाली शिकलेल्या एखाद्या मुलीच्या वहीचं पान जरी उरलं असतं, तरी हा प्रश्न विचारायची कुणाची छाती झाली नसती.

२०१४च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचं झालं, शाळेतला सराव वीस आठवड्यांचा झाला. कागद वाढले. ते वाईट नाही. पण पाठ टाचण सांगतं आपण काय शिकवणार होतो ते. मुलाचं पान सांगतं त्याच्यापर्यंत काय पोचलं ते. आणि जे पोचलं नाही, तेही.

भाची बराच वेळ गप्प बसली. मग तिनं सजवलेलं मुखपृष्ठ बाजूला केलं आणि तो निबंध, चुकांसकट, पहिल्या पानावर लावला. त्याखाली ही मुलगी कुठं अडली आणि तिच्यासाठी मी पाठात काय बदललं, हे चार ओळींत लिहिलं.

त्या ओळी मला लिहाव्या लागल्या नाहीत.