डि'सोझांच्या नावातला ॲपॉस्ट्रॉफी

माझ्या पहिल्या नोकरीतली गोष्ट. ग्राहकांना नावावरून शोधणारी एक एपीआय मी लिहिली होती. पाटील सापडायचे, कुलकर्णी सापडायचे. वसईच्या एका डि'सोझांचं नाव टाकलं की मात्र स्क्रीनवर एरर. त्यांची तक्रार आली तेव्हा टीममध्ये ठरलं, की सगळ्या नावांमधले ॲपॉस्ट्रॉफी काढून टाकायचे. ते मीच काढले. चूक माझी होती आणि नाव त्यांचं बदललं.

नेमकं काय चुकलं होतं? तुम्ही ॲपमध्ये काही शोधता, तेव्हा तुमचे शब्द रिक्वेस्टबरोबर सर्व्हरकडे जातात. ते शब्द मी जसेच्या तसे उचलून एसक्यूएलच्या वाक्यात चिकटवत होतो. एसक्यूएलमध्ये मजकूर एकेरी अवतरणचिन्हांत ठेवतात. 'डि'नंतरचं चिन्ह दिसताच डेटाबेसला वाटलं, नाव संपलं. उरलेलं 'सोझा' त्याने आज्ञा म्हणून वाचलं, ते त्याला कळलं नाही, म्हणून एरर. पण तिथे कुणी त्याला कळेल अशी आज्ञा लिहिली असती तर? ती त्याने मुकाट्याने पाळली असती. यालाच एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात.

या घोळाचं मूळ जुनं आहे. १९७० साली आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी रिलेशनल डेटाबेसची कल्पना मांडली. १९७४ मध्ये तिथल्याच डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी त्यासाठी 'सीक्वेल' ही भाषा आणली. तीच पुढे एसक्यूएल झाली. प्रोग्रॅमर नसलेल्यांनाही साध्या इंग्रजीसारख्या वाक्यांत डेटाबेसला प्रश्न विचारता यावेत, असा तिचा हेतू होता. म्हणजे विचारणारा माणूस स्वतःच वाक्य लिहिणार. त्यातला कुठला शब्द आज्ञा आणि कुठला माहिती, याबद्दल त्याच्या मनात गोंधळ नसणार.

१९९३ मध्ये अमेरिकेतल्या एनसीएसए या संस्थेत सीजीआय तयार झालं आणि वेबपेजवरचा फॉर्म सर्व्हरवरच्या प्रोग्रॅमपर्यंत पोहोचवण्याची सोय झाली. आता शब्द टाईप करणारा कुणीतरी अनोळखी, आणि वाक्य जुळवणारा प्रोग्रॅम. एका वाक्याला दोन लेखक झाले. डेटाबेसला मात्र ते एकच वाक्य दिसत होतं.

२५ डिसेंबर १९९८ ला 'फ्रॅक' या हॅकरांच्या ई-नियतकालिकाच्या ५४ व्या अंकात 'रेन फॉरेस्ट पपी' या टोपणनावाने जेफ फॉरिस्टल यांनी ही पळवाट उघड केली. मायक्रोसॉफ्टच्या मते यात काही अडचणच नाही, असंही त्यांनी लेखात नमूद केलं होतं.

गंमत म्हणजे उपाय तेव्हाही हाताशी होता. १९९७ च्या जावामध्येच 'प्रिपेअर्ड स्टेटमेंट' होतं. यात वाक्य आधी डेटाबेसकडे जातं, त्यात किमतींच्या जागी प्रश्नचिन्हं असतात. युजरचे शब्द नंतर वेगळे जातात. त्यांत कितीही अवतरणचिन्हं असली तरी ते आज्ञा होऊच शकत नाहीत. पण शब्द चिकटवणं सोपं, आणि शिकवण्यांमध्येही तेच दाखवलेलं. पीएचपीने तर 'मॅजिक कोट्स' नावाची सोय दिली होती. बाहेरून आलेल्या प्रत्येक अवतरणचिन्हाआधी ती आपोआप उलटी तिरपी रेघ घालायची. त्यामुळे अनेक वेबसाइटींवर लोकांच्या नावांत भलत्याच रेघा दिसायच्या, आणि संरक्षणही अर्धवटच. २०१२ मध्ये पीएचपी ५.४ मधून ती काढून टाकली.

ऑक्टोबर २०१५ मध्ये ब्रिटनच्या टॉकटॉक या टेलिकॉम कंपनीतून १,५६,९५९ ग्राहकांची माहिती चोरीला गेली. पद्धत हीच. पुढच्या वर्षी तिथल्या माहिती आयुक्तांनी कंपनीला ४ लाख पौंडांचा दंड केला. फ्रॅकमधल्या लेखाला तोवर १७ वर्षं होत आली होती.

आज बहुतेक फ्रेमवर्क हे काम आपोआप करतात, पण एक कोपरा उरतोच. 'किमतीनुसार लावा', 'तारखेनुसार लावा' असं एपीआयला सांगता येतं. तिथे कॉलमचं नाव लागतं, आणि ते प्रश्नचिन्हाच्या जागी देता येत नाही. मग घाईत कुणीतरी पुन्हा शब्द चिकटवतं. खरं तर चालतील त्या कॉलमांची यादी आपणच कोडमध्ये ठेवायची आणि आलेलं नाव त्या यादीत असेल तरच वापरायचं. चार ओळींचं काम आहे.

हे सगळं समजल्यावर मी ती एपीआय नीट लिहिली. काढलेले ॲपॉस्ट्रॉफी मात्र परत आणता आले नाहीत. काही जण आपलं नाव मुळातच ॲपॉस्ट्रॉफीशिवाय लिहितात, काही त्यासह. कोण कसं लिहीत होतं, ते आम्हीच पुसून टाकलं होतं. वसईच्या त्या ग्राहकांचं नाव तेवढं त्यांच्या तक्रारीच्या ईमेलखाली सापडलं. ते पाहून मी हाताने दुरुस्त केलं.