न्यूमोनियाची लस मेडिकलमध्ये मिळते, पण टोचायची कुठं? बाळांना मोफत, ज्येष्ठांना विकत. जाणून घ्या सविस्तर

केंदूर : थंडी पडू लागली की वाड्या-वस्त्यांवर म्हाताऱ्या माणसांचा खोकला वाढतो. त्यातच कुणीतरी मोबाईलवर मेसेज पाठवतं, "ज्येष्ठांना न्यूमोनियाची लस द्या." मग मुलगा गाडी काढून शिक्रापूरला मेडिकलवर जातो. लस आहे का, असं विचारतो आणि लगेच दुसरा प्रश्न करतो, "आईला इथंच टोचून द्याल का?"

त्याचं उत्तर 'नाही' असं आहे. आपल्याकडं मेडिकलवाल्याचं काम डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषध देण्याचं. लस टोचायची ती डॉक्टरांनी किंवा त्यांच्या देखरेखीखाली नर्सनं. गोंधळ होतो तो परदेशातल्या गोष्टींमुळं. पोरं अमेरिकेत असलेले आई-बाप तिकडून आले की सांगतात, औषधाच्या दुकानातच लस घेतली. ते खोटं नाही. तिकडं प्रशिक्षण घेतलेल्या फार्मासिस्टला लस टोचायची परवानगी आहे. इथं कुणी दुकानदार ओळखीपाळखीत टोचून देतो म्हणाला तरी नको म्हणावं. क्वचित एखाद्याला लशीची ॲलर्जी येते, अंगावर गांधी उठतात, श्वास कोंडतो, बीपी उतरतं. अशा वेळी लागणारं इंजेक्शन आणि ते देणारा माणूस दवाखान्यात असतो. म्हणूनच लस घेतल्यावर अर्धा तास तिथंच बसवून ठेवतात.

आता आधी लहानग्यांचं, कारण तिथं एक रुपयाही लागत नाही. न्यूमोकोकस नावाच्या जिवाणूमुळं होणाऱ्या न्यूमोनियावरची लस, म्हणजे पीसीव्ही, देशाच्या मोफत लसीकरणात २०१७ पासून टप्प्याटप्प्यानं आली आणि २०२१ मध्ये सगळीकडं लागू झाली. केंदूरचं प्राथमिक आरोग्य केंद्र, उपकेंद्र किंवा अंगणवाडीत भरणारं लसीकरण सत्र, कुठंही ती मिळते. सत्राचा वार आशाताईंना पक्का माहीत असतो.

डोस तीन. पहिला दीड महिन्याला, दुसरा साडेतीन महिन्याला आणि बूस्टर नऊ महिने पूर्ण झाल्यावर, गोवर-रुबेलाच्या लशीबरोबर. मधे अडीच महिन्याची जी फेरी असते तिच्यात ही लस नसते. कार्डावर ती जागा रिकामी दिसली की पुष्कळ घरांत वाटतं, सिस्टर द्यायच्या विसरल्या. विसरलेल्या नसतात, वेळापत्रकच तसं आहे. एकाच दिवशी दोन्ही मांड्यांत सुई टोचली की आजी कळवळते, "एवढ्याशा जिवाला किती टोचता!" पण एकत्र दिल्यानं बाळाला धोका नाही. एखादा दिवस ताप येतो, टोचलेली जागा सुजते, मग उतरते.

ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेल्या कुटुंबांनी मात्र एक गोष्ट ध्यानात धरावी. सरकारी कार्यक्रमात या लशीचा पहिला डोस बाळाच्या पहिल्या वाढदिवसाच्या आत पडावा लागतो. एक जरी डोस वेळेत पडला असेल तर राहिलेले पुढं पूर्ण करता येतात. मुक्काम हलवताना भांड्याकुंड्यांबरोबर माता-बाल संरक्षण कार्डही घ्यावं. जिथं जाल तिथल्या सरकारी दवाखान्यात लस मिळते.

आणि ही लस काही फार लांबून येते असं नाही. हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटनं १० प्रकारच्या न्यूमोकोकसवर चालणारी 'न्यूमोसिल' ही लस तयार केली आणि डिसेंबर २०२० मध्ये ती देशात आणली. त्याआधी परदेशी कंपन्यांच्या महाग लशींवरच अवलंबून राहावं लागत होतं.

मोठ्या माणसांचं गणित वेगळं. त्यांच्यासाठी ही लस सरकारी मोफत कार्यक्रमात नाही, त्यामुळं आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांशी हुज्जत घालून उपयोग नाही. खासगीतून घ्यावी लागते आणि खर्च हजारांत जातो. म्हणून आधी डॉक्टरांना विचारावं, खरंच गरज आहे का. साधारणपणे वय ६५ च्या पुढं असेल, किंवा शुगर, दमा, फुप्फुसाचा जुना आजार, हृदयाचं किंवा किडनीचं दुखणं असेल, बिडी-सिगारेट चालू असेल, प्लीहा काढलेली असेल, तर डॉक्टर लस सुचवतात. जन्मभर चुलीपुढं धूर खाल्लेल्या बायकांना दम्यासारखाच त्रास असतो, पण त्याला आजार म्हणून कुणी मोजत नाही. तो डॉक्टरांना आवर्जून सांगावा.

प्रौढांसाठी लशींचे प्रकार आहेत. १३ प्रकारच्या जिवाणूंवरची लस घेतली तर साधारण वर्षभरानं २३ प्रकारांवरची दुसरी घेतात. प्रतिकारशक्ती फार कमी असेल तर हे अंतर आठ आठवड्यांवर येतं. २० प्रकारांवरची नवी लस असेल तर एकच डोस पुरतो. फ्लूची लस ही नव्हे, ती वेगळी आणि दरवर्षी घ्यायची. चिठ्ठीवर नक्की कोणती लिहिली आहे ते मेडिकलवर जाण्याआधी वाचून घ्यावं.

खरी अडचण पुढंच आहे. ही लस २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागते. मेडिकलमधून घेतलेली बाटली शर्टाच्या खिशात टाकून, उन्हातून गाडीवर गावी आणली आणि डॉक्टर संध्याकाळी येणार म्हणून कपाटात ठेवली, तर पैसे पाण्यात जाऊ शकतात. उलटी चूक त्याहून जास्त होते. "थंडच पाहिजे ना," म्हणून लस फ्रिजरमध्ये किंवा थेट बर्फावर ठेवतात. लहान मुलांची पीसीव्ही आणि मोठ्यांची १३ किंवा २० प्रकारांची लस गोठली की खराब होते, आणि वितळल्यावर वरून बघून ते ओळखू येईलच असं नाही.

त्यापेक्षा सोपा मार्ग असा, की ज्या दवाखान्यात टोचायची त्याच डॉक्टरांना लस मागवून ठेवायला सांगावं. तसं जमलं नाही तर डॉक्टरांची वेळ आधी ठरवावी आणि त्याच दवाखान्याजवळच्या मेडिकलमधून लस घेऊन सरळ आत जावं. वाटेत आणायचीच असेल तर थर्मासमध्ये, बर्फाच्या पाकिटाला कागद गुंडाळून, लस त्याला न चिकटवता. दुकानदाराला दोन गोष्टी विचारायला लाजू नये : लाईट गेल्यावर फ्रिज कशावर चालतो आणि आतलं तापमान किती आहे. आपल्या भागात लाईटचा भरवसा सगळ्यांना माहीत आहे. चांगल्या दुकानात इन्व्हर्टर असतो आणि फ्रिजमध्ये तापमापक. बिल घ्यावं, बॅच नंबर व मुदत बघावी आणि बाटलीवरचं स्टिकर दवाखान्याच्या कागदावर चिकटवून मागावं. पुढच्या डोसाला तेच कामाला येतं.

लस घेतली म्हणजे न्यूमोनिया होणारच नाही, असंही नाही. विषाणूंनी, इतर जिवाणूंनी होणारा न्यूमोनिया वेगळा. लशीमुळं न्यूमोकोकसचा गंभीर आजार आणि त्यातून होणारा मेंदूज्वर, रक्तातला संसर्ग यांचा धोका कमी होतो.

त्यामुळं बाळाच्या छातीकडं लक्ष हवंच. बाळ शांत असताना अंगावरचा कपडा वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, वर्षाच्या आत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त भरले तर घरी काढा देत बसू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, बाळ अंगावर पीत नसेल, ओठ निळे पडले असतील किंवा झटका आला असेल तर सकाळची वाट न बघता १०८ ला फोन करावा. म्हाताऱ्या माणसांत कधीकधी तापही येत नाही. नुसती धाप लागते, माणूस बरळायला लागतो, जेवण सोडतो. त्यांनाही त्याच दिवशी न्यावं.