चिमूटभर मीठ, मूठभर गूळ : जलसंजीवनीचा मागोवा

जुलाबाने गळून गेलेल्या मुलाला घरात काय द्यायचे, हे आज गावातली आशाताई न अडखळता सांगते. उकळून गार केलेले लिटरभर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. घोट घोट पाजत राहा, अंगावरचे दूध तोडू नका. हे सांगायला तिला कुणाची परवानगी लागत नाही, ऐकणाऱ्या आईला पैसे मोजावे लागत नाहीत. हे ज्ञान आपल्याला इतके घरचे वाटते की ते आजीच्या बटव्यातूनच आले असावे, असा समज होतो. प्रत्यक्षात ते फार दूरदूरच्या माणसांच्या हातांतून आपल्यापर्यंत आले आहे. त्या माणसांचे ऋण मानायचे, तर ती कोण होती हे आधी माहीत हवे.

मागे जायचे तर १८३१-३२ च्या इंग्लंडपर्यंत जावे लागते. पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ तिथे नुकतीच पोचली होती. विल्यम ओशॉनेसी या तरुण आयरिश डॉक्टरने रुग्णांचे रक्त तपासले आणि त्यातले पाणी व क्षार कमी झाल्याचे दाखवून दिले. (हाच ओशॉनेसी पुढे कलकत्त्याला आला आणि हिंदुस्थानातली पहिली तारयंत्रणा त्याने उभी केली.) त्याचे निष्कर्ष वाचून स्कॉटलंडमधल्या लीथ गावच्या थॉमस लाटा यांनी १८३२ मध्ये मरणासन्न रुग्णांच्या शिरेत मिठाचे पाणी सोडले आणि काही जण वाचले. इलाज सापडला खरा, पण त्याला सुई, निर्जंतुक बाटली आणि शिकलेला हात लागत होता. पटकी ज्या वस्त्यांमध्ये माणसे मारत होती, तिथे यातले काहीच नव्हते.

तोंडाने का देऊ नये, हा प्रश्न कलकत्त्याच्या हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी धसाला लावला. त्यांनी मीठ आणि ग्लुकोजचे पाणी पाजून १८६ रुग्ण बरे केले आणि १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याबद्दल लिहिले. त्या लेखाकडे जवळजवळ कुणी लक्ष दिले नाही. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, मोजमापे अपुरी होती, असे आक्षेप आहेत आणि ते चुकीचे नाहीत. तरीही पुढची पंधरा वर्षे किती मुले सुईची वाट पाहत गेली असतील, या विचाराने मन विषण्ण होते. चॅटर्जींचे नाव या वंशावळीत ठसठशीत अक्षरांत असायला हवे.

हे पाणी अंगी का लागते, याचे उत्तर १९६० मध्ये प्रागमधल्या एका परिषदेत रॉबर्ट क्रेन यांनी मांडले. आतड्याच्या पेशी ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत घेतात आणि त्यांच्यामागून पाणी आत जाते. पटकीत आतड्यातून पाण्याचा लोट बाहेर पडत असतानाही ही जोडीची वाट शाबूत राहते. नुसते पाणी दिले तर ते वाहून जाते, नुसते मीठही टिकत नाही. योग्य प्रमाणात साखर सोबत असली, तर दोन्ही शरीरात शिरतात.

१९६८ मध्ये ढाक्याच्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेत डेव्हिड नेलिन आणि रिचर्ड कॅश या विशीतल्या अमेरिकन डॉक्टरांनी हे रुग्णांवर काटेकोरपणे तपासले. रुग्णाच्या खाटेला मधोमध भोक, खाली बादली. जेवढे पाणी शरीरातून गेले, तेवढेच मोजून तोंडाने द्यायचे. शिरेतून द्याव्या लागणाऱ्या सलाईनची गरज सुमारे ८० टक्क्यांनी घटली. त्यांच्या शोधनिबंधावर रफीकुल इस्लाम आणि मजीद मोल्ला यांचीही नावे आहेत, ती सहसा सांगितली जात नाहीत. रात्रभर बादल्या मोजणाऱ्या बंगाली परिचारिकांची नावे तर कुठेच नाहीत.

पण दवाखान्यात मोजून मापून जमलेली गोष्ट दवाखान्याबाहेर जमेल, यावर वैद्यकविश्वाचा भरवसा नव्हता. तो १९७१ ने बसवला.

बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित सीमा ओलांडून पश्चिम बंगालमध्ये आले. छावण्यांत पटकी पसरली. बनगावच्या रुग्णालयात डॉ. दिलीप महालनबीस पोचले तेव्हा खोल्यांच्या जमिनीवर रुग्ण दाटीवाटीने पडलेले होते. त्यांना सलाईन लावायला त्यांच्याच विष्ठेत आणि वांतीत गुडघे टेकून बसावे लागे. सलाईनचा साठाही संपत आला. महालनबीस यांनी मग तोंडाने पाणी द्यायचा निर्णय घेतला. प्रमाण साधे होते : एका लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खायचा सोडा. कलकत्त्याच्या त्यांच्या संस्थेत पुड्या बांधल्या गेल्या, बनगावला पिंपांमध्ये पाणी कालवले गेले. लिटरमागे खर्च आला सुमारे ११ पैसे. पाजायला परिचारिका पुरत नव्हत्या, म्हणून रुग्णाची आई, भाऊ, शेजारी, जो सोबत असेल त्याच्या हाती पेला दिला. जिथे मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांपर्यंत गेले होते, तिथे या पद्धतीने ते ३.६ टक्क्यांवर आले.

महालनबीस यांनी आणखी एक गोष्ट केली, आणि मला तीच सर्वांत मोठी वाटते. मिश्रण कसे करायचे याची पत्रके छापून त्यांनी सीमेलगत वाटली. बांगलादेशच्या गुप्त रेडिओ केंद्रावरूनही ती कृती प्रसारित झाली. युद्ध पेटलेले असताना, रस्ते बंद असताना, औषधाची पाककृती हवेतून घराघरात पोचवली गेली. त्यावर हक्क सांगावा, ती राखून ठेवावी, असे कुणाच्या मनातही आले नाही. जागतिक आरोग्य संघटनेतले डॉ. धीमान बरुआ हे काम स्वतः पाहून गेले आणि पुढे त्यांनी संघटनेत ते लावून धरले. १९७८ मध्ये ‘लॅन्सेट’ने अग्रलेख लिहून हा शतकातला कदाचित सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध असल्याचे म्हटले. चॅटर्जींचा लेख पंचवीस वर्षांपूर्वी याच नियतकालिकात आला होता.

स्वतंत्र बांगलादेशात हे ज्ञान घरोघर नेण्याचे काम फजले हसन आबेद यांच्या ‘ब्रॅक’ संस्थेने १९८० मध्ये हाती घेतले. खेड्यात वजनकाटा नाही, चमचे एकसारखे नाहीत. मग माप आले हातावर : तीन बोटांची चिमूट मीठ, एक मूठ गूळ, अर्धा शेर पाणी. कार्यकर्त्या मुली घरोघर जात, आईला जवळ बसवून तिच्याच हाताने मिश्रण करून घेत आणि घरातल्या भांड्यावर अर्ध्या शेराची खूण करून देत.

त्यांचे मानधन कसे ठरे, हे मुद्दाम सांगायला हवे. काही आठवड्यांनी दुसरे निरीक्षक निवडक घरी जात. आईला किती आठवते ते विचारत आणि तिने केलेल्या पाण्याचा नमुना तपासायला नेत. आईला जितके नीट येई, तितका शिकवणारीला मोबदला जास्त. किती घरे झाली याला मोल नव्हते. लोकशिक्षणाच्या नावाखाली पत्रके वाटून मोकळे होणाऱ्या प्रत्येक यंत्रणेने हा हिशेब अभ्यासावा. तरी सुरुवातीला अडचण आलीच. बायका शिकत, पण वेळेला वापरत नसत, कारण शिकवणाऱ्यांचाच त्यावर पुरता विश्वास नव्हता आणि घरच्या पुरुषांना कुणी काही सांगितलेले नव्हते. मग कार्यकर्त्यांना हे पाणी कसे काम करते ते नीट समजावले गेले आणि पुरुषांशी बाजारात, मशिदीत बोलणे सुरू झाले. १९९० पर्यंत एक कोटी वीस लाखांहून अधिक घरांत ही शिकवण पोचली.

त्याच काळात पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, मेक्सिकोच्या सिनालोआ राज्यातल्या अहोया गावात, डेव्हिड वर्नर यांचे सहकारी वाळलेल्या भोपळ्याचे बाळ करून मुलांना शिकवत होते. भोपळ्याचा वरचा भाग कापायचा, त्यावर ओले फडके टाळूसारखे ताणायचे, आत पाणी भरायचे. खालचे बूच काढले की बाळाला जुलाब होतात, पाणी उतरते आणि टाळू डोळ्यांदेखत खोल जाते. शोष म्हणजे काय, हे आठ-नऊ वर्षांची मुले यातून स्वतः शोधून काढत आणि घरी धाकट्या भावंडांची काळजी घेत. वर्नर यांचे ‘व्हेअर देअर इज नो डॉक्टर’ हे पुस्तक ऐंशीहून अधिक भाषांत गेले. नफा न घेता वाटायचे असेल तर खुशाल नक्कल करा, अशी मुभा त्यांनी दिली होती. इजिप्तने १९८० च्या दशकात दूरचित्रवाणीचा आधार घेतला आणि करीमा मुख्तार यांच्यासारखी लोकप्रिय अभिनेत्री आयांशी थेट बोलली. आपल्याकडे जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून ज्या खेड्यातल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून घडवले, त्यांतल्या अनेकींना अक्षरओळख नव्हती. मीठ-साखरेचे पाणी त्या गावभर शिकवत.

तयार पाकीट की घरचे मिश्रण, हा वाद मात्र तेव्हापासूनचा. पाकिटात प्रमाण अचूक असते आणि त्यात पोटॅशियमही असते. वर्नर यांचे म्हणणे असे की पाकिटाची सवय लावली की घरच्यांचा आपल्या हातावरचा विश्वास जातो आणि पाकीट संपले की मूल उपचाराविना राहते. मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. आशाताईच्या पिशवीत पाकीट आणि झिंकच्या गोळ्या असाव्यात, आणि पाकीट नसेल त्या रात्री काय करायचे हेही तिने शिकवलेले असावे. २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने मिश्रणातले मीठ आणि ग्लुकोज दोन्ही कमी केले. नवे प्रमाणही सगळ्यांसाठी खुले आहे : लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, २.९ ग्रॅम सायट्रेट, दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड.

खुले ज्ञान राखावेही लागते. भारतात ‘ओआरएस’ या जलसंजीवनीच्या इंग्रजी नावाचा आधार घेऊन भरमसाट साखरेची पेये औषधांच्या दुकानांत विकली जात होती, आणि जास्त साखरेने जुलाब उलट वाढतात. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी याविरुद्ध वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर ‘ओआरएस’ हा शब्द छापायला मनाई केली. महालनबीस २०२२ मध्ये गेले, त्यांना पद्मविभूषण मरणोत्तर मिळाले. कॅश २०२४ मध्ये गेले. त्यांनी ज्यासाठी आयुष्य वेचले, ते प्रमाण पाकिटाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेले असते. विकत घेताना ते वाचून घ्यावे आणि शेजारणीलाही वाचायला शिकवावे.