रानवाटेवरचे पाणी आणि गुरुत्व-गाळणी : मांडणी, मर्यादा व निगा

पावसाळा ओसरला की गोव्यातील पदभ्रमण करणाऱ्यांची पावले सह्याद्रीकडे वळतात. मोले, म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव या परिसरात पावसानंतरचे काही महिने ओहळ वाहते असतात आणि झऱ्याचे पाणी आरशासारखे नितळ दिसते. हा नितळपणा मात्र फसवा असतो. ओढ्याच्या वरच्या अंगाला गुरे बसत असतील, एखादे जनावर मरून पडले असेल किंवा चार घरांचा वाडा असेल, तर खाली उभ्या असलेल्या माणसाला ते पाण्याकडे पाहून कळत नाही. हगवण, विषमज्वर, पटकी आणि कावीळ या रोगांचे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. मुक्कामी मोहिमेत प्रत्येकाने दोन दिवसांचे पाणी पाठीवर वाहून नेणेही शक्य नसते. अशा वेळी वीज, इंधन वा हातपंप न लागता केवळ उंचीच्या बळावर पाणी गाळणारी गुरुत्व-गाळणी उपयोगी पडते. तिची मांडणी कशी करावी, ती काय अडवते आणि काय अडवत नाही, याची माहिती येथे दिली आहे.

तत्त्व ओळखीचेच

अनेक घरांत दोन मजली स्टीलचा फिल्टर असे. काही घरांत तो आजही आहे. वरच्या डब्यात पांढऱ्या कॅन्डल, खालच्या डब्यात गाळलेले पाणी. रानातील गुरुत्व-गाळणी म्हणजे त्याच फिल्टरचे घडी घालून पिशवीत मावणारे रूप होय. वर कच्च्या पाण्याची पिशवी, मध्ये नळी आणि गाळणी, खाली स्वच्छ पाण्याची पिशवी अथवा बाटली, एवढेच तिचे भाग.

बहुतेक आधुनिक गाळण्यांत पोकळ तंतूंचा जुडगा असतो. शेवयांसारख्या दिसणाऱ्या या तंतूंच्या भिंतींना अतिसूक्ष्म छिद्रे असतात. पाणी भिंतीतून आत शिरते आणि पोकळीतून बाहेर पडते. छिद्राहून मोठे कण बाहेरच अडकतात. छिद्रांचा आकार साधारणतः ०.१ किंवा ०.२ मायक्रॉन असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

पाण्याला ढकलणारा दाब उंचीतून मिळतो. एक मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ वातावरणाच्या दाबाच्या सुमारे एक दशांश इतका दाब देतो. म्हणून पिशवी किती मोठी आहे यापेक्षा ती किती उंच टांगली आहे याला महत्त्व आहे. उंची निम्मी केली की प्रवाहही जवळपास निम्मा होतो.

काय अडते, काय निसटते

जिआर्डियाच्या पुटिका ८ ते १२ मायक्रॉन, क्रिप्टोस्पोरिडियमच्या ४ ते ६ मायक्रॉन आणि आमांशाच्या अमीबाच्या १० मायक्रॉन वा त्याहून मोठ्या असतात. या सर्व गाळणीत अडकतात. विषमज्वर, पटकी आणि नेहमीच्या हगवणीचे जिवाणूही अडकतात, कारण त्यांची जाडी साधारणतः अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास असते.

विषाणूंची गोष्ट वेगळी आहे. ‘अ’ प्रकारच्या काविळीचा विषाणू सुमारे ०.०३ मायक्रॉनचा, म्हणजे छिद्राच्या कितीतरी पट लहान असतो. तो सहज पार होतो. गाळणीच्या वेष्टनावर परदेशातील निर्मनुष्य डोंगरांतील नद्या गृहीत धरून सूचना दिलेल्या असतात. तेथे मानवी मैल्याचा संसर्ग कमी असतो. आपल्याकडे ओढ्याच्या वर वस्ती असणे ही नेहमीची बाब असल्याने तेवढ्यावर विसंबून चालणार नाही.

गोमंतकीयांनी आणखी एक जंतू ध्यानात ठेवला पाहिजे, तो म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा. हा जिवाणू लांब असला तरी मळसूत्रासारखा वळसेदार आणि अवघा ०.१ मायक्रॉन जाडीचा असतो. त्यामुळे ०.२ मायक्रॉनच्या छिद्रांतूनही तो वळवळत पुढे जाऊ शकतो. इतर जिवाणूंपासून त्याला वेगळा काढण्यासाठी प्रयोगशाळांत त्याच्या याच गुणाचा उपयोग करतात. शिवाय तो मुख्यतः पायांवरील जखमा, ओरखडे आणि डोळे-नाकाच्या नाजूक त्वचेतून शरीरात शिरतो. पायाला जखम असताना गढूळ, साचलेल्या पाण्यात उतरणाऱ्याचे रक्षण कोणतीही गाळणी करू शकत नाही.

पाण्यात विरघळलेले पदार्थही गाळणी काढत नाही. डिचोली, सत्तरी, सांगे या भागांतील खाणींच्या खंदकांतले पाणी, फवारणी झालेल्या बागायतीतून आलेला ओहळ आणि भरतीचे खारे पाणी शिरणारे नद्यांचे पट्टे यांपासून दूरच राहावे. काही गाळण्यांना कोळशाचा जोड असतो. त्याने वास आणि चव सुधारते व काही रसायने कमी होतात; पण क्षार आणि धातू यांवर त्याचा भरवसा धरू नये.

म्हणून आपल्या भागासाठी नियम असा : आधी गाळणे, मग उकळणे किंवा क्लोरीन देणे. पाणी खळखळून उकळू लागल्यावर एक मिनिट उकळू द्यावे; दोन हजार मीटरहून अधिक उंचीवर तीन मिनिटे. गोव्यातील सर्वोच्च शिखरही बाराशे मीटरच्या आतच आहे, तेव्हा येथे एक मिनिट पुरते. क्लोरीनची गोळी वापरायची असेल तर वेष्टनावरील प्रमाण पाळून किमान अर्धा तास थांबावे. पाणी थंडगार असेल तर अधिक. हा क्रम उलटा करू नये. गढूळ पाण्यातील गाळ क्लोरीन खाऊन टाकतो. क्रिप्टोस्पोरिडियम क्लोरीनला दाद देत नाही, पण त्याला गाळणी अडवते. विषाणू गाळणीला दाद देत नाहीत, पण त्यांना क्लोरीन मारते. दोन्ही उपाय मिळूनच संरक्षण पूर्ण होते.

सोबत काय असावे

एक कच्च्या पाण्याची पिशवी, एक स्वच्छ पाण्याची पिशवी, दिशादर्शक बाण असलेली गाळणी, दीड मीटरच्या आसपास लवचीक नळी, प्रवाह थांबवणारा चाप, चार-पाच मीटर मजबूत दोरी, पाणी भरण्यासाठी वेगळा मग आणि जुन्या सुती साडीचा किंवा पंचाचा तुकडा. दोन्ही पिशव्या एकसारख्या दिसत असतील तर कच्च्या पाण्याच्या पिशवीवर घरीच लाल पट्टी चिकटवावी. अंधारात, थकलेल्या अवस्थेत हीच पट्टी चूक टाळते.

पाण्याचा अंदाजही आधीच बांधावा. आपल्या दमट हवेत चालणाऱ्याला पिण्यासाठी दिवसाला तीन ते चार लिटर पाणी सहज लागते. चौघांच्या गटाला स्वयंपाक धरून सुमारे सोळा लिटर, म्हणजे चार लिटरच्या पिशवीच्या चार फेऱ्या.

पाणी निवडणे आणि निवळणे

शक्यतो वाहते पाणी घ्यावे. वस्ती, गोठा, पायवाटेचा उतार आणि मुक्कामाची जागा यांच्या वरच्या अंगाने भरावे. डबक्याच्या कडेचा फेस, हिरवट साय आणि तळाचा गाळ टाळावा.

जांभ्याच्या मातीने लाल झालेले पाणी थेट गाळणीत घालणे म्हणजे गाळणीचे आयुष्य घटवणे. ते भांड्यात काही तास स्थिर ठेवावे आणि वरचे निवळ पाणी हलकेच काढून घ्यावे. तुरटीचा खडा फिरवला तर गाळ लवकर बसतो. निवळीच्या बिया उगाळून पाणी स्वच्छ करण्याची आपली जुनी रीत याच तत्त्वावर चालते. त्यानंतर चार पदरी सुती कापडातून पाणी गाळावे. या साध्या उपायाला कमी लेखू नये : बांगलादेशातील खेड्यांत रीटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जुन्या साडीच्या चार ते आठ पदरांतून पाणी गाळल्याने पटकीचे रुग्ण जवळपास निम्म्याने घटल्याचे आढळले होते. कापडाने पाणी निर्जंतुक होत नाही. पण पुढील गाळणीचे काम हलके होते.

प्रत्यक्ष मांडणी

१. प्रथम साबणाने हात धुवावेत. धुण्याचे काम ओढ्यापासून किमान साठ मीटर, म्हणजे सुमारे दोनशे फूट दूर करावे.

२. मगने कच्च्या पाण्याची पिशवी भरावी. संपूर्ण पिशवी ओढ्यात बुडवू नये. तिच्या बाहेरच्या अंगाला लागलेले पाणी पुढे ओघळून स्वच्छ बाजूवर पडते. नळी या वेळी जोडलेली नसावी.

३. पिशवीचे तोंड गुंडाळून बंद करावे आणि ती डोक्याइतक्या उंचीवर टांगावी. चार लिटर पाण्याचे वजन चार किलो असते, तेव्हा फांदी जिवंत व मजबूत हवी. वाळकी फांदी आणि सैल गाठ यांमुळे भरलेली पिशवी निवलेल्या चुलीवर येते, हा अनेकांचा अनुभव आहे.

४. नळी जोडावी व चाप बंद ठेवावा. गाळणीवरील बाण स्वच्छ पिशवीच्या दिशेला आहे याची खात्री करावी. गाळणी नळीच्या खालच्या टोकाशी असावी, म्हणजे तिच्या वर पाण्याचा पूर्ण स्तंभ राहतो.

५. चाप उघडून सुरुवातीचे पेलाभर पाणी वाहू द्यावे. ते भांडी विसळायलाही वापरू नये.

६. आता स्वच्छ पिशवी जोडावी. ती मऊ असेल तर आधी दाबून हवा काढावी. कडक बाटली असेल तर हवेला बाहेर पडण्याची वाट ठेवावी, अन्यथा बाटलीतील हवाच पाण्याला अडवते. नळीचे टोक जमिनीला वा हाताला लागू देऊ नये.

७. पिशवी भरली की चाप लावावा, नळी सोडवावी आणि गाळणीच्या स्वच्छ टोकाला टोपण घालावे. त्यानंतरच पाणी उकळावे किंवा क्लोरीनची गोळी टाकावी.

गाळणी नवी आणि पाणी निवळ असेल तर चार लिटर पाणी काही मिनिटांत उतरते. अर्धा तास होऊनही पिशवी अर्धीच असेल तर काहीतरी बिघडले आहे असे समजावे.

प्रवाह मंदावल्यास

सर्वांत सामान्य कारण म्हणजे नळीत किंवा गाळणीत अडकलेली हवा. स्वच्छ पाण्याची पिशवी क्षणभर कच्च्या पिशवीहून उंच धरावी; पाणी उलट वाहते आणि बुडबुडे वर निघून जातात. नळीला पीळ वा घडी पडली आहे का, हेही पाहावे.

दुसरे कारण गाळाचे. तेव्हा गाळणी उलट्या प्रवाहाने धुवावी लागते. स्वच्छ पिशवीत किमान लिटरभर गाळलेले पाणी असताना ती वर धरावी आणि कच्ची पिशवी खाली ठेवावी. साचलेला गाळ कच्च्या पिशवीत उतरतो. ते पाणी ओढ्यापासून दूर ओतून द्यावे. दर मुक्कामी एकदा हे केल्यास गाळणी वर्षानुवर्षे टिकते. धुण्यासाठी कच्चे पाणी वापरणे ही घातक चूक ठरते, कारण त्याने स्वच्छ बाजूच दूषित होते.

गाळणी अचानक पूर्वीपेक्षा फार वेगाने वाहू लागली तर आनंद मानू नये. तंतू तुटले असण्याची ती खूण असू शकते. गाळणी उंचावरून पडली असेल किंवा आतले पाणी गोठले असेल तरी हाच धोका संभवतो. गोव्यात गोठण्याचा प्रश्न नाही. पण हिमालयात जाणाऱ्यांनी रात्री गाळणी कोरड्या पिशवीत घालून झोपण्याच्या पिशवीत घ्यावी. एकदा गोठलेल्या ओल्या गाळणीवर पुन्हा विश्वास ठेवू नये. ती बाहेरून धडधाकट दिसते.

घरी परतल्यावर

आपल्या हवेत ओली पिशवी गुंडाळून ठेवली तर आठवड्यात बुरशी धरते. परतल्यावर गाळणी स्वच्छ पाण्याने उलट धुवावी, उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणात क्लोरीनचे सौम्य पाणी तिच्यातून सोडावे आणि सर्व भाग सावलीत पूर्ण वाळवावेत. उन्हात तापलेल्या मोटारीत गाळणी ठेवू नये. पुढील मोहिमेपूर्वी ती घरीच भिजवून एकदा चालवून पाहावी. वाळलेले तंतू आरंभी पाणी सोडायला कुरकुर करतात. हे रानात कळण्यापेक्षा स्वयंपाकघरात कळलेले बरे.

दोन गोष्टी अखेरीस सांगायला हव्यात. अभयारण्यांत प्रवेश आणि मुक्काम यांसाठी वनखात्याची परवानगी आवश्यक असते; ती घेतानाच वाटेवरील पाणवठ्यांची चौकशी करावी. दुसरे असे की, काविळीची लक्षणे दोन ते सात आठवड्यांनी, तर लेप्टोस्पायरोसिसची बहुधा पाच ते चौदा दिवसांनी दिसू लागतात. तोवर सहल विस्मरणात गेलेली असते. परतल्यावर ताप, तीव्र अंगदुखी, लाल डोळे किंवा पिवळी लघवी दिसल्यास अंगावर काढू नये आणि आपण कोठे गेलो होतो, कोठले पाणी प्यायलो, कोणत्या पाण्यात उतरलो, हे डॉक्टरांना न विचारता सांगावे. या एका माहितीने निदानातले मोलाचे दिवस वाचतात.