पिठाच्या डब्यातली झुंज

पावसाळ्यात मोरिवली-अंबरनाथकडे हवा फार दमट असते. महिनाभर न उघडलेला पिठाचा डबा उघडला, तर तांबूस-तपकिरी, तीन-चार मिलिमीटर लांबीचे किडे आणि बारीक पिवळट अळ्या अनेकदा सापडतात. आपण पीठ चाळतो, किडे फेकून देतो. पण याच किड्याने शास्त्रज्ञांना एक मोठा धडा शिकवला आहे.

हा पिठातला तांबडा भुंगेरा, ट्रायबोलियम कॅस्टेनियम. हर्ब्स्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १७९७ मध्ये त्याचे वर्णन केले. त्याच्या कुळाचे नाव टेनेब्रिओनिडी, म्हणजे काळोख आवडणाऱ्यांचे कूळ. लिनियसने १७५८ मध्ये ज्याला 'टेनेब्रिओ मोलिटर' म्हटले, तो थंड देशांतल्या कोठारांतला मोठा काळा भुंगेरा याच कुळातला. पाळीव पक्ष्यांना व माशांना खाऊ घालतात त्या जाड पिवळ्या अळ्या त्याच्याच.

प्रयोगशाळेसाठी हा किडा सोयीचा. त्याचे घर आणि अन्न एकच, ते म्हणजे पीठ. चाळले की मोजणी झाली. अमेरिकेत रॉयल चॅपमन यांनी १९२८ मध्ये दाखवून दिले, की पीठ कमी असो वा जास्त, किड्यांची संख्या शेवटी दर ग्रॅममागे जवळपास सारखीच राहते. गर्दी वाढली की हे किडे स्वतःचीच अंडी आणि कोष खातात!

पुढे शिकागो विद्यापीठात थॉमस पार्क यांनी कॅस्टेनियम आणि त्याचा जवळचा भाऊबंद कन्फ्यूजम यांना एकाच पिठात ठेवले. दर तीस दिवसांनी ते मोजणी करत. कालांतराने दोहोंपैकी एकच जात उरे. पण कोणती? १९४८ मध्ये त्यांनी जाहीर केलेल्या प्रयोगांत, ॲडेलिना हा एकपेशीय परजीवी असलेल्या ७४ बरण्यांपैकी ६६ मध्ये कन्फ्यूजम जिंकला. परजीवी नसलेल्या १८ बरण्यांपैकी १२ मध्ये मात्र कॅस्टेनियम जिंकला. खेळाडू तेच, रोगाने निकाल फिरवला.

१९५४ मध्ये त्यांनी हवामान बदलून पाहिले. ३४ अंश सेल्सिअस आणि ७० टक्के आर्द्रता असताना प्रत्येक वेळी कॅस्टेनियम जिंकला. २४ अंश आणि ३० टक्के आर्द्रतेत प्रत्येक वेळी कन्फ्यूजम. आपल्या उष्ण, दमट हवेत डब्यात कॅस्टेनियमच का भेटतो, याचा धागा इथे मिळतो. अधल्यामधल्या हवामानात मात्र अगदी सारख्या बरण्यांतही कधी हा, तर कधी तो जिंकला.

'जो समर्थ तो टिकतो' हे वाक्य आपण वर्गात सहज सांगून जातो. पण समर्थ कोण, हे नुसता किडा पाहून ठरत नाही. उष्णता, ओल, रोग आणि काही अंशी योगायोग मिळून ते ठरवतात.

हे वर्गात पडताळून पाहण्यासारखे आहे. सहा बरण्यांत सारखे वजन करून पीठ घ्या, प्रत्येकीत दहा-दहा किडे सोडा. तोंडाला दाट विणीचे कापड घट्ट बांधा. तीन बरण्या कोरड्या जागी, तीन दमट जागी ठेवा आणि दर महिन्याला चाळून मोजा. एकाच जागेतल्या तीन बरण्यांचे आकडे जुळले नाहीत, तर ते खोडू नका. वहीत जसेच्या तसे लिहा. पार्क यांनीही तेच केले होते, म्हणून तर त्यांना योगायोगाचा वाटा दिसला.