ऑर्ग्रीव्हची लढाई : एका पुनःप्रयोगाचे पुरावामूल्य

भूतकाळ इतिहासकाराच्या मनात पुन्हा घडावा लागतो, हा कॉलिंगवुडचा सिद्धान्त त्याच्या मृत्यूनंतर १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथामुळे सर्वपरिचित झाला. कॉलिंगवुडला अभिप्रेत होते ते विचाराचे पुनर्घटन. माणसे शेतात उभी करून, त्यांच्या हाती ढाली देऊन घडलेल्या घटनेचा प्रयोग लावणे हे त्याला इतिहासलेखनाचे अंग म्हणून मान्य झाले असते असे वाटत नाही. तथापि जेरेमी डेलर (जन्म १९६६) या ब्रिटिश कलावंताने २००१ साली नेमके हेच केले. त्या प्रयोगाचा विचार येथे कलाकृती म्हणून नव्हे, तर इतिहासाचे साधन म्हणून करावयाचा आहे.

प्रथम मूळ घटना. मार्च १९८४ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय कोळसा मंडळाने सुमारे २० खाणी बंद करून २०,००० कामगारांना कमी करण्याची योजना जाहीर केली. त्यातून उद्भवलेला खाणकामगारांचा संप मार्च १९८५ पर्यंत चालला. दक्षिण यॉर्कशरमधील ऑर्ग्रीव्ह येथील कारखान्यातून स्कनथॉर्पच्या पोलाद कारखान्यास कोक जात असे. तो अडविण्यासाठी १८ जून १९८४ रोजी हजारो संपकरी पिकेटिंगकरिता जमले आणि त्यांच्यासमोर हजारो पोलीस उभे राहिले. घोडेस्वारांनी जमावावर चाल केली, पुढे गावातील रस्त्यांपर्यंत पाठलाग झाला, आणि दोन्हीकडची माणसे जखमी झाली.

येथपर्यंत वाद नाही. वाद आहे तो क्रमाचा. त्या सायंकाळी बी. बी. सी. च्या बातम्यांत जी दृश्ये दाखविली गेली त्यांत संपकऱ्यांची दगडफेक आधी आणि घोडेस्वारांची चाल नंतर आली. वस्तुतः क्रम उलट होता. तो अनवधानाने उलटा झाल्याचे त्या संस्थेने १९९१ मध्ये मान्य केले. इतिहासाच्या विद्यार्थ्यास हे निराळे सांगावयास नको की, दोन घटनांची जागा बदलली की त्यांतील कार्यकारणभावच बदलतो : प्रतिकार हा आक्रमण ठरतो आणि आक्रमण हे प्रत्युत्तर. न्यायालयात मात्र ही मांडणी टिकली नाही. ९५ जणांवर दंगल व तत्सम आरोप ठेवण्यात आले होते. पहिलाच खटला जुलै १९८५ मध्ये कोसळला. पोलिसांच्या जबान्यांतील काही मजकूर त्यांना वरून सांगून लिहविलेला होता असे उलटतपासणीत दिसून आले, आणि पोलिसांनी स्वतःच घेतलेले चित्रीकरण त्या जबान्यांशी जुळेना. १९९१ मध्ये दक्षिण यॉर्कशर पोलिसांनी ३९ कामगारांना ४,२५,००० पौंड भरपाई दिली. दोष मात्र मान्य केला नाही.

डेलरने ती दृश्ये कुमारवयात दूरचित्रवाणीवर पाहिली होती. त्याचे रीतसर शिक्षण चित्रकलेचे नसून कलेतिहासाचे आहे, ही गोष्ट त्याच्या कामाचा विचार करताना विसरता येत नाही. आर्टेंजल या संस्थेच्या साहाय्याने १७ जून २००१ रोजी त्याने ऑर्ग्रीव्ह येथे त्या दिवसाचा पुनःप्रयोग घडवून आणला. मैदानावरील फळ्या, घोडेस्वारांची चाल, गावातील पाठलाग हे सारे त्यात होते. ऐतिहासिक लढायांचे प्रयोग लावण्यात मुरलेले हॉवर्ड जाइल्स यांनी दिग्दर्शन केले. सुमारे ८०० जण अशा लढायांचे हौशी प्रयोग करणाऱ्या मंडळांतील होते. सतराव्या शतकातील यादवी युद्धाचे सैनिक होण्याची सवय असलेली ही माणसे प्रथमच जिवंत साक्षीदारांसमवेत उभी होती, कारण उरलेले सुमारे २०० जण पूर्वीचे खाणकामगार होते, आणि त्यांपैकी कित्येक १९८४ च्या त्या दिवशी तेथे प्रत्यक्ष हजर होते. माइक फिगिस यांनी यावर केलेला चित्रपट २००२ मध्ये चॅनेल फोरवर दाखविला गेला. त्याच वर्षी संपातील अनुभवकथनांचे पुस्तक निघाले. त्याचे नाव डेलरने ‘इंग्लिश यादवी युद्ध, भाग दुसरा’ अशा अर्थाचे ठेवले. हे नाव नुसता विनोद नव्हे. ज्या घटनेस सरकारदरबारी दंगल म्हटले गेले तिला राष्ट्राच्या युद्धेतिहासाच्या पंक्तीस बसविण्याचा दावा त्यात आहे.

आता पुरावामूल्य. १९८४ मध्ये कोणी प्रथम हात उचलला हे २००१ च्या प्रयोगावरून सिद्ध होत नाही. ते काम न्यायालयीन कागदपत्रांचे आणि मूळ, न कापलेल्या चित्रफितींचे. प्रयोगात घोडे कोठून आणि केव्हा सुटावेत हे आधी ठरलेले होते. यास्तव त्याचे फलित पुरावा म्हणून पुढे करणे हा चक्रक दोष होईल. प्रयोगाची छायाचित्रे तर विशेष जपून वापरावयास हवीत. १९८४ ची छायाचित्रे म्हणून ती खपून जाण्याइतकी हुबेहूब आहेत, आणि तसे झाल्यास एका चुकीच्या दृश्याच्या जागी दुसरे दृश्य बसेल इतकेच.

परंतु सतरा वर्षांनंतर त्या गावात काय शिल्लक होते याचे हे अव्वल दर्जाचे साधन आहे. तालमीच्या निमित्ताने लोक बोलू लागले. चित्रपटात त्या दिवशी पोलिसांच्या बाजूने उभा असलेला एक माजी पोलीसही आपली हकीकत सांगतो. त्याच्या कथनातील अवघडलेपण कोणत्याही जबानीत उतरले नसते. काही माजी कामगारांनी प्रयोगात पोलिसांचा वेष घेतला, हा तपशील मला सर्वांत मोलाचा वाटतो. ढालीमागून समोरचा जमाव कसा दिसतो हे त्यांनी अनुभवले. कॉलिंगवुडच्या अर्थाने पुनर्घटन कोठे झालेच असेल तर ते येथे.

डेलरने आपल्या कामाची तुलना पुरलेले प्रेत उकरून त्याची रीतसर तपासणी करण्याशी केली आहे. खरी तपासणी त्यावेळी व्हावयाचीच होती. २०१६ मध्ये ब्रिटिश गृहमंत्र्यांनी सार्वजनिक चौकशीस नकार दिला. जुलै २०२५ मध्ये शेफील्डच्या बिशपांच्या अध्यक्षतेखाली वैधानिक चौकशी जाहीर झाली. तोपर्यंत टेट संग्रहालयाने या प्रयोगाचे दप्तर, म्हणजे चित्रपट, कालपट, बिल्ले लावलेले जाकीट आणि पोलिसांची ढाल, आपल्या संग्रहात दाखल करून घेतलेले होते.